तिथं काय धरतात

मावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. आईची मैत्रीण, म्हणून मावशी. त्यांना भेटायला गेले तेव्हा उशाशी पास्टर आधीच बसलेले होते. तरुण मुलगा, सेमिनरीतून बाहेर पडून फार दिवस झाले नसावेत. मांडीवर पवित्र शास्त्र, त्यात बोट घालून ठेवलेलं. खोलीत औषधांचा आणि ओल्या टॉवेलचा वास होता. मावशींनी उभं आयुष्य नर्सचं काम केलं. रात्रपाळ्या, बेडपॅन, चिघळलेल्या जखमा धुणं, गेलेल्या माणसाचे डोळे मिटवणं. आणि निवृत्त झाल्यावरही कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन चालूच. दुसऱ्यांच्या शिरा अंधारातही शोधणाऱ्या या बाईच्या हातात आता शीर सापडत नव्हती. पास्टरांनी स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली, आणि ते उठणार एवढ्यात मावशींनी विचारलं, "पास्टर, मी एवढं केलं, ते तिथं धरतील ना हो?" पेन्शनला मागची नोकरी धरतात का, असं विचारावं तसा सूर. पास्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मावशी, तिथं तुमचं-माझं काहीच धरत नाहीत. येशूनं केलं तेवढंच धरतात." मी त्यांच्याकडे रागानं बघितलं. मावशींनी डोळे मिटले होते. मला वाटलं, दुखावल्या. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "मग बरंय. म्हणजे राहिलेलंही धरणार नाहीत."

त्या राहिलेल्यात काय काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मला राग का आला, हे नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं. पास्टर काही वावगं बोलले नव्हते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे तेच त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान, कर्मांमुळे नव्हे, म्हणजे कुणी बढाई मारू नये. हे वचन मी संडे स्कूलमध्ये पाठ केलंय. पाठांतराचं वचन न अडखळता म्हटलं की बाई वहीत चांदणी चिकटवायच्या, आणि पुरेशा चांदण्या जमल्या की वर्षाच्या शेवटी बक्षीस. 'कर्मे केल्याने हे झाले नाही' हे घडाघडा म्हणून दाखवल्याबद्दल मला चांदणी मिळाली होती. त्यातली गंमत तेव्हा बाईंना कळली नाही, मलाही नाही. चांदीच्या कागदाची ती चांदणी मात्र बोटाखाली अजून लागते, तिचं एक टोक नेहमी सुटलेलं असायचं. ख्रिस्ती घरातल्या बहुतेकांचं असंच होत असावं. तोंडात कृपा आणि हातात चांदण्यांची वही. कुणी गेलं की चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही एकमेकांना सांगतो, "फार चांगला माणूस, सरळ स्वर्गात गेला असणार." दहा मिनिटांपूर्वी आत वाचलेला उतारा याच्या नेमकं उलट सांगत असतो. कुणाला खटकत नाही.

चांगलं वागा म्हणजे स्वर्ग मिळेल, ही ख्रिस्ती शिकवण आहे असं ख्रिस्ती नसलेले तर धरूनच चालतात. निम्मेअधिक ख्रिस्तीही. पण कुठल्याही मोठ्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या संघटनेनं, हे अधिकृतपणे कधी शिकवलेलं नाही. कॅथलिक कर्मांवर भर देतात आणि प्रोटेस्टंट विश्वासावर, ही सोपी वाटणीसुद्धा टिकत नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरला उत्तर म्हणून भरलेल्या कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनं जानेवारी 1547 मध्ये नीतिमान ठरण्याबद्दलचा जो निर्णय दिला, त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. म्हणजे भांडणाच्या ऐन भरातही या एका मुद्द्यावर दोन्ही बाजू एकच बोलत होत्या.

उघडपणे दुसरं बोलणारा एकजण होता, पेलागियस. ब्रिटनहून रोमला आलेला हा साधू पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांकडे बघून वैतागला. बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि वागणं जैसे थे, विचारलं तर उत्तर तयार, "आम्ही दुबळी माणसं, काय करणार?" अशात त्याच्या कानावर बिशप ऑगस्टीनची एक प्रार्थना पडली: तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ आधी दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलागियस उसळला. देवानं आज्ञा दिली याचा अर्थच माणसाला ती पाळता येते, असं त्याचं म्हणणं. चांगलं वागणं तुमच्या हातात आहे, तेव्हा वागा. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेनं ही शिकवण धिक्कारली आणि 431 मध्ये इफिससच्या परिषदेनं त्यावर शिक्का मारला. पाखंडी म्हणून त्याचं नाव कायमचं खराब झालं. मला तो माणूस म्हणून आवडतो. मावशींच्या उशाशी पेलागियस बसला असता तर त्यानं नक्की सांगितलं असतं, "धरतील बाई, का नाही धरणार?" आणि मला बरं वाटलं असतं.

मावशींना वाटलं असतं का, हा प्रश्न मात्र आहे.

चांगल्या कामांवर मिळणारा स्वर्ग दुरून फार न्याय्य दिसतो. ज्यानं खरोखर पुष्कळ केलंय त्याला जवळून तो कसा दिसत असेल, याचा मी विचारच केला नव्हता. वर्षानुवर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला आपण वाचवलेली माणसं किती आठवत असतील? पहाटे तीनला कुणीतरी हाक मारली आणि आपण 'आले' म्हणून पुन्हा डुलकी घेतली, ते आठवत असेल. चिडून कुणाचा तरी हात झटकला, ते आठवत असेल. हे माझे अंदाज आहेत, त्या कधी बोलल्या नाहीत. पण आपलं काही धरणार नाहीत हे ऐकून जिचा श्वास मोकळा होतो, तिच्याकडे झालेल्यापेक्षा राहिलेल्याची यादी मोठी असणार. मार्टिन ल्यूथरचं दुखणं हेच होतं. मठात असताना तो पापकबुलीला बसला की तासन्‌तास उठत नसे. बाहेर पडावं आणि एखादं सांगायचं राहिलेलं पाप आठवावं. आळशी, बेफिकीर माणसाला हा त्रास होत नाही. तो मठातल्या सर्वांत मन लावून साधना करणाऱ्याला होतो. नीतिमान माणूस विश्वासानं जगेल, हे रोमकरांस पत्रातलं वाक्य त्याला सुटकेसारखं का वाटलं, ते मावशींचं बोलणं ऐकल्यावर मला पहिल्यांदा नीट समजलं. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या पापदंडमाफीच्या पत्रांवरून 1517 मध्ये काढलेले पंच्याण्णव प्रबंध, पोपशी वैर हे सगळं नंतरचं. मुळाशी एक झोप न येणारा माणूस होता.

हाच ल्यूथर याकोबाच्या पत्रावर मात्र खार खाऊन होता. विश्वासाबरोबर क्रिया नसतील तर तो विश्वास निर्जीव, असं याकोब म्हणतो, आणि माणूस नुसत्या विश्वासानं नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो असंही सरळ लिहितो. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल अब्राहामाचं उदाहरण देऊन एक गोष्ट सिद्ध करतो, याकोब त्याच अब्राहामाचं उदाहरण देऊन भलतीच. 1522 च्या प्रस्तावनेत ल्यूथरनं त्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हणून बाजूला सारलं. यावर पुढं रक्त सांडलं, घरं फुटली, देश फुटले. मग 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी एकत्र सही केली: देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेनं, आपल्या कुठल्याही पात्रतेमुळे नाही, आणि त्याच कृपेनं तो आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 मध्ये त्यात सामील झाल्या. आमच्या चर्चमध्ये यावर कधी चकार शब्द निघालेला मला आठवत नाही. ज्या धास्तीनं ल्यूथर जागा राहायचा ती धास्तीच आता कुणाला नाही, मग तिच्यावरच्या औषधाबद्दल वैद्यांचं एकमत झालं तरी ते ऐकायला थांबणार कोण?

मला स्वतःला या वादापेक्षा मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायानं जास्त छळलंय. शेवटच्या न्यायाचं ते चित्र. राजा मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करतो. निकष एकदम साधा: मी भुकेला होतो, खायला दिलंत का? उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, आलात का? इथं विश्वासाचा उल्लेख नाही, बाप्तिस्म्याचा नाही, प्रभूचं नाव घेण्याचा नाही. कर्माचा पक्ष मांडणाऱ्याला यापेक्षा भक्कम उतारा कुठं मिळणार? लहानपणी मी ऐकायचे तेव्हा 'रोग्याच्या समाचाराला आलात' या ओळीला मावशींचीच आठवण यायची. मनातल्या मनात त्यांना मी केव्हाच उजवीकडे उभं केलं होतं. पण परवा पुन्हा वाचताना लक्ष दुसरीकडेच अडकलं. उजवीकडच्यांना कळतच नाही. "प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिलं?" असं ते विचारतात. वही त्यांनी ठेवलेलीच नाही. याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात दुसरी माणसं आहेत, ती यादी घेऊन येतात. तुझ्या नावानं आम्ही संदेश दिला, भुतं काढली, अद्भुत कृत्यं केली. त्यांना उत्तर मिळतं, मला तुमची ओळखच नाही. यादी घेऊन आलेले बाहेर, आणि ज्यांना आपण काही केलं हेच ठाऊक नाही ते आत. मग हा उतारा कर्माच्या बाजूचा की कृपेच्या? दोन्हीकडचे लोक तो आपला म्हणून वापरतात. 'या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला' म्हणजे जगातले सगळे गरजू नव्हेत, येशूचे शिष्य, असा अर्थ लावून त्याची धार कमी करणारे टीकाकारही आहेत. असतील बापडे. मला तो अर्थ पटत नाही.

इथवर सगळं कसं गोड आहे. कृपा ही कल्पना आपल्यासाठी आणि आपल्या माणसांसाठी असेपर्यंत गोडच लागते. तिचं अवघड टोक दुसरीकडे आहे, आणि ते येशूनं लपवलेलं नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर उन्हात राबलेल्यांना जेवढी मजुरी, तेवढीच दिवस संपायच्या तासभर आधी आलेल्यांना. सकाळचे कुरकुरतात. दाखला ऐकताना आपण सगळे सकाळचेच असतो. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरला भाऊ अंगणात उभा राहतो, आत परतलेल्या उधळ्या धाकट्यासाठी मेजवानी चालली आहे आणि तो जात नाही. गोष्ट संपते तरी तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. आणि येशूशेजारच्या वधस्तंभावरचा तो गुन्हेगार. ना बाप्तिस्मा, ना एक दिवसाची सेवा, कुणाचं नुकसान भरून द्यायला मोकळे हातसुद्धा नाहीत. फक्त "माझी आठवण कर" एवढंच म्हणतो, आणि "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे ऐकतो. संपूर्ण नव्या करारात येशूनं ज्याला तोंडावर स्वर्गाची खात्री दिली, तो हा. चित्रांत त्याला आपण बिचारा करून टाकलाय. त्यानं काय केलं होतं, कुणाला लुटलं, मारलं, त्यांच्या घरच्यांना ही बातमी कशी लागली असती, हे कुणी विचारत नाही.

विसाव्या शतकानं ते विचारायला लावलं. रुडॉल्फ ह्योस हा नाझींच्या ऑशविट्झ छावणीचा प्रमुख. तिथं सुमारे अकरा लाख माणसं मारली गेली, त्यातली सुमारे दहा लाख ज्यू. ह्योस कॅथलिक घरात वाढलेला. मुलगा धर्मगुरू व्हावा अशी बापाची इच्छा होती. तरुणपणी त्यानं मंडळी सोडली. युद्धानंतर पोलंडमध्ये खटला चालला, फाशी ठरली, आणि वाडोविट्सेच्या तुरुंगात त्यानं धर्मगुरू मागितला. 10 एप्रिल 1947 ला जेझुइट या कॅथलिक संघाच्या एका धर्मगुरूनं त्याची पापकबुली ऐकली, दुसऱ्या दिवशी त्याला ख्रिस्तप्रसाद दिला. 16 एप्रिलला त्याच छावणीच्या आवारात त्याला फाशी झाली. मंडळीच्या शिकवणीप्रमाणे, पश्चात्ताप खरा असेल तर हा माणूस क्षमा पावलेला. कॅथलिक म्हणतील, शुद्धिस्थान आहे, तिथं दंड भोगावा लागेल. पण शुद्धिस्थानातून वाट वरच जाते. आणि त्यानं ज्यांना मारलं? फ्लॉरेन्सच्या परिषदेचा 1442 चा निर्णय शब्दशः धरला तर मंडळीबाहेर असलेले, त्यात ज्यूंचा स्पष्ट उल्लेख आहे, मरणाआधी मंडळीत आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत. म्हणजे मारणारा आत आणि मेलेली पोरं बाहेर.

हे वाक्य लिहून मी पुष्कळ वेळ नुसती बसून राहिले.

ज्या तर्कशास्त्रातून असं वाक्य निघतं त्यात कुठंतरी चूक आहे असं मानायचा मला हक्क आहे, आणि हे मानणारी मी एकटी नाही. मंडळी स्वतःसुद्धा या टोकाला जाऊन दर वेळी माघारी फिरली आहे. ऑगस्टीननं पेलागियसला हरवण्याच्या नादात बाप्तिस्म्याविना गेलेली तान्ही बाळंही नरकात, पण अगदी सौम्य शिक्षेत, असा निष्कर्ष काढला. मध्ययुगात कुणाला ते सोसवेना, म्हणून त्यांच्यासाठी नरकाच्या काठावर लिंबो नावाची दुःख नसलेली जागा कल्पिली गेली. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानं म्हटलं की या बाळांचं तारण होतं अशी आशा धरायला सबळ कारणं आहेत. मधली कित्येक शतकं ज्या आयांनी लिंबोवर रडून काढली, त्यांचं काय? बॉस्टनच्या लिओनार्ड फीनी या जेझुइट धर्मगुरूचीही गोष्ट तशीच विचित्र. मंडळीबाहेर तारण नाही म्हणजे नाहीच, असा त्याचा हट्ट; रोमनं 1949 मध्ये समजावलं, तो ऐकेना, बोलावलं तर जाईना. अखेर 1953 मध्ये आज्ञाभंगासाठी त्यालाच मंडळीबाहेर काढलं! आपल्याच सिद्धांताप्रमाणे त्याचं आता काय होणार, हे त्याला कुणी विचारलं असेल का कोण जाणे. 1972 मध्ये त्याला परत घेतलं गेलं. दरम्यान 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लिहून ठेवलं होतं की स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोचलं नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेनं विवेकाला कळेल तसं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. कार्ल रानर हा कॅथलिक ईशज्ञानी अशांना निनावी ख्रिस्ती म्हणायचा. हेतू चांगला, पण मला हे नाव सहन होत नाही. माझ्या अख्रिस्ती मैत्रिणीला न विचारता तिचं नाव आमच्या नोंदवहीत लिहिल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा योहानाच्या चौदाव्या अध्यायावर बोट ठेवून "माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही, विषय संपला" म्हणणारा उपदेशक मला परवडतो. तो निदान तिचं नाव तिच्याकडे राहू देतो.

आमच्या घरच्या जुन्या पवित्र शास्त्रात पुढच्या कोऱ्या पानांवर कुटुंबाच्या नोंदी आहेत. नाव, जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू. शाई तपकिरी पडलेली, पानांना कुबट वास. पणजोबांच्या ओळीत सगळे रकाने भरलेले आहेत. पणजीच्या ओळीत मधला कोरा आहे. पणजोबांनी धर्म बदलला, तिनं नाही. नवऱ्याबरोबर नांदली, मुलांना चर्चला धाडलं, स्वतः गेली नाही. लहानपणी मी आजोबांना त्या कोऱ्या जागेबद्दल विचारलं होतं. आजोबा चर्चचे वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी, वचनाला पक्के. चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "भरायचा राहिलाय." जणू लिहिणाऱ्याला विसर पडून झालेली गोष्ट. पुढं कुणी भरला नाही, आणि त्या ओळीवर काटही मारली नाही.

नव्यानं विश्वासात आलेल्या प्रत्येक घरात हा कोरा रकाना असतो. फ्रान्सिस झेवियर जपानहून परतल्यावर जानेवारी 1552 मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात सांगतो की जपानमधले नवे ख्रिस्ती एका गोष्टीनं फार व्याकूळ होतात: नरकातून सुटका नाही. ते मेलेल्या आईबापांसाठी, बायकामुलांसाठी रडतात आणि विचारतात, प्रार्थना करून, दानधर्म करून काही होईल का? झेवियरनं सांगितलं, उपाय नाही. आणि पुढं लिहिलं की ज्याला इलाज नाही अशा दुःखानं माझे मित्र रडताना पाहून मलाही वाईट वाटतं. त्या काळातल्या सर्वांत निष्ठावान मिशनऱ्याच्या लेखणीतून निसटलेलं हे वाक्य. उत्तर बदलायची त्याला मुभा नव्हती, पण त्यानं ते रडणं गाळूनही टाकलं नाही. झेवियरच्या आधी आठशे वर्षं आजच्या नेदरलंड्सच्या किनाऱ्याकडच्या फ्रिशियन लोकांचा राजा रॅडबॉड होऊन गेला. त्याची कथा एका संतचरित्रात येते, दंतकथाच असावी. बाप्तिस्म्यासाठी त्यानं पाण्यात एक पाय टाकला आणि बिशपला विचारलं, माझे वाडवडील कुठं आहेत? नरकात, असं उत्तर आलं. राजानं पाय मागं घेतला. मूठभर गरिबांबरोबर स्वर्गात बसण्यापेक्षा मी माझ्या माणसांत नरकात राहीन, म्हणाला. ही कथा लिहिणाऱ्यानं ती अडाण्याच्या हट्टाची गोष्ट म्हणून लिहिली. मी ती वाचते तेव्हा मला पणजी दिसते.

आणि मला पौलही दिसतो. कृपेचा सगळ्यात मोठा वकील तो. पण रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाच्या तोंडाशी, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच वेगळं करू शकणार नाही असं छातीठोकपणे सांगून झाल्यावर, तो एकदम म्हणतो की माझ्या अंतःकरणाला सतत वेदना आहेत. माझ्या रक्ताच्या भाऊबंदांसाठी मीच ख्रिस्ताला अंतरून शापित व्हावं, असंही मी इच्छीन. रॅडबॉडचंच वाक्य, पण पाण्यात पूर्ण उतरलेल्या माणसाच्या तोंडून. चर्चमध्ये आठव्या अध्यायावर मी असंख्य प्रवचनं ऐकली आहेत. नवव्यातल्या या वचनावर कुणी थांबलेलं आठवत नाही. ज्याचं तारण झालंय तोच ते दुसऱ्यासाठी सोडून द्यायला निघतो. मग तारण म्हणजे नक्की काय झालं होतं त्याचं? मला वाटतं हेच. आपल्यापुरती जागा मिळाली म्हणून तो निवांत बसूच शकत नाही.

तीन अध्याय पौल या प्रश्नाशी झुंजतो. कुंभाराचं उदाहरण देतो, ऑलिव्हच्या झाडाचं देतो, स्वतःला खोडतो, परत मांडतो. अकराव्याच्या शेवटी म्हणतो, देवानं सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडून ठेवलंय. सर्वांवर म्हणजे नेमकं कुणावर, यावर पंडितांचं आजही भांडण आहे. माझं मत विचाराल तर मला ते सगळेच्या सगळे हवे आहेत. ऑशविट्झमधली ती पोरं हवी आहेत, कोऱ्या रकान्यासकट पणजी हवी आहे, रॅडबॉड हवा आहे. मग लक्षात येतं की एवढं मोठं दार उघडलं तर त्यातून ह्योसही आत येणार, आणि तिथं माझा पाय अंगणातच अडतो. याची तोड मला सापडलेली नाही. पौलाला सापडली होती की नाही, तेही त्या पत्रावरून ठरवता येत नाही. देवाचे निर्णय किती गहन, एवढं म्हणून तो तो विषय तिथंच सोडतो आणि बाराव्या अध्यायात कामाची यादी सांगायला लागतो. पवित्र जनांच्या गरजा भागवा. घरी आलेल्याचं आदरातिथ्य करा. रडणाऱ्यांबरोबर रडा. छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या. शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या, तान्हेला असेल तर प्यायला द्या. स्वर्गात कोण जाणार हे त्या यादीत कुठंच नाही.